अर्थ सांगणारे रंगूनाना

परवा आमच्या सावेडीच्या भजनी मंडळात तुंबळ झालं. कॉलेजात शिकवणारी एक सून म्हणाली, जुन्या पोथ्यांमध्ये बायकांना बोचेल असं जे काही आहे ते सरळ गाळून नवी पोथी छापावी. दुसरी म्हणाली, गाळायचं कशाला, त्याचा आतला अर्थ वेगळाच असतो, तो समजून घ्यावा. तिसरीचं म्हणणं, देवाच्या शब्दाला हात लावणारे आपण कोण? चहा गार झाला, टाळ तसेच पडून राहिले. मग कुणीतरी मला विचारलं, "काकू, तुम्ही का गप्प? तुम्ही तर एवढं वाचता." मी म्हटलं, माझी दाढ दुखतेय.

दाढ कुठली दुखतेय! मला रंगूनाना आठवले होते. आणि रंगूनाना आठवले की माझी मान खाली जाते. मग तोंडातून शब्द निघत नाही. लिहून बघते, लिहिताना निदान कुणी तोंडाकडे बघत नाही.

माझं सासर खर्ड्याच्या पलीकडे, दगडगोट्याच्या मुलखात. गावाच्या टोकाला टेकाई देवीचं देऊळ, देवळासमोर पायऱ्यापायऱ्यांची खोल बारव, आणि बारवेच्या वाटेवर रंगूनाना शिंप्याचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक ओटा, वर पत्रा आणि पायाचं मशीन. नाना अंगानं काटकुळे. तोंडात कायम दोऱ्याचा तुकडा, आणि टोपीत सुया खोचलेल्या. देवळात टोपी काढून डोकं टेकायला लागले की माझे सासरे म्हणायचे, "नाना, टोपी तिकडं ठिव. आईला टोचशील." नाना म्हणायचे, "आईला टोचलं तर आई वरडंल. तू कशाला वरडतूस?"

बायकांची मापं नाना घेत नसत. त्यांची बायको, द्वारकाकाकू, दोरा घेऊन घरात यायची, छातीला एक गाठ, बाहीला एक गाठ, अशा गाठी मारून तो दोरा नानांना नेऊन द्यायची. कुठली गाठ कुठली, हे फक्त त्या दोघांना ठाऊक. पण पोलकं अंगाला असं बसायचं की नगरच्या दुकानातलं बसणार नाही. पोरांचे सदरे शिवताना मात्र नाना आतून दोन बोटं कापड जास्तीचं दुमडून ठेवत. त्याला ते 'माया' म्हणायचे. "पोरगं वाढतं, कापड वाढत न्हाई. म्हनून आत माया सोडायची. दर सालाला शिवन उसवायची अन् मोठं करायचं. कात्री न्हाई लावायची. कात्री लावली की संपलं."

कापडाचे आकार ते जुन्या वर्तमानपत्रांवर कापून ठेवायचे. मी शाळेत गेलेली नाही. त्या कापलेल्या कागदांवरची अक्षरं नानांना विचारून विचारून मी लावायला शिकले. पहिलं वाक्य वाचलं ते एका बाहीवरचं होतं, आणि ते अर्ध्यात कापलेलं होतं. "पुढचं काय हो नाना?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "पुढचं दुसऱ्या बाहीवर. ती सुताराच्या पोराच्या अंगात गेली."

पण गावाला नाना माहीत होते ते पोथीमुळे. आमच्या गावात टेकाईची हातानं लिहिलेली जुनी पोथी आहे. श्रावण लागला की देवळात दिवेलागणीला पोथी लावतात. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. वाचणारा तो वाचक, सांगणारा तो सूचक. वाचक आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावचे पाटील. आवाज असा की घुमटातली पाखरं उडायची. एक ओवी वाचून झाली की मामंजी मान न वळवता म्हणायचे, "हं, नाना." आणि नाना दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सुरू करायचे, "तर मंडळी, आई काय म्हनती..."

'आई काय म्हनती' ऐकायला अख्खं गाव यायचं, खोटं नाही सांगत. पोथीत भलतंसलतं पुष्कळ होतं. जो ऐकताना झोपेल तो पुढल्या जन्मी अजगर होईल, अशी एक ओवी होती. ती यायच्या वेळेला नेमके आमचे थोरले दीर खांबाला टेकून घोरत होते. सगळे खुसूखुसू हसायला लागले. मामंजी लालबुंद. नाना म्हणाले, "तर मंडळी, आई काय म्हनती? अजगर एकदा खातो अन् म्हैनाभर पडून ऱ्हातो. म्हंजे ज्यानं दिवसभर नांगूर धरला, त्याला एक ओवी म्हैनाभर पुरती. निजू द्या त्याला." नवीन आलेले मास्तर मागून म्हणाले, "नाना, हे ओवीत कुठं आहे?" नाना म्हणाले, "मास्तर, वरून न्हाई दिसायचं. म्या शिवन उसवून बगितली, आत हुतं."

असे नाना. पोथीच्या अक्षराला हात लावायचा नाही आणि माणसाला आवळू द्यायचं नाही, ही त्यांची रीत. त्यांना तिचा थोडा गर्वही होता. का नसावा?

आता गोदाचं सांगते. गोदा आमच्या भावकीतली, आमच्या परसाला लागून तिचं घर. विहीर खणताना दरड कोसळली आणि तिचा नवरा गेला. काखेला पोर, वयानं माझ्याएवढीच. त्या काळी विधवा बाईनं बारवेत उतरायचं नाही, अशी चाल होती. कारण पोथीत ओवी होती. मला अजून पाठ आहे, पाठ नसती तर बरं झालं असतं.

कुंकू नसे जिचे भाळीं । तिनें न यावें या स्थळीं ।
तिचें पाऊल पडतां जळीं । झरा आटे टेकाईचा ॥

विधवांनी वर काठावर दगडाजवळ उभं राहायचं, कुणीतरी खालून पाणी आणून त्यांच्या हंड्यात ओतायचं. त्याच दगडाच्या पलीकडे खालच्या आळीच्या बाया उभ्या असायच्या. त्यांना तर कधीच खाली वाट नव्हती.

गोदाचा नवरा गेला त्या श्रावणात ही ओवी आली. गोदा बायकांच्या मागं भिंतीला टेकून बसलेली, पदर नाकापर्यंत. मामंजींनी वाचलं. "हं, नाना." नानांनी तोंडातला दोरा काढला, टोपीला गुंडाळला. मग म्हणाले, "तर मंडळी, आई काय म्हनती? आईला काय बायकांचं कपाळ बगायला दुसरं काम न्हाई? भाळ म्हंजे बुद्धी. अन् बुद्धीचं कुंकू म्हंजे लाज. ज्याला लाज न्हाई, जो दुसऱ्याच्या वाटचं पानी वढून न्हेतो, त्यानं हितं पाय ठिवू नये. त्याच्या पायानं झरा आटतो. मग तो बाप्या असू द्या न्हाईतर बाई."

मग एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला, आणि तिच्या पाठोपाठ सगळ्यांनी.

दुसऱ्या दिवशी गोदा हंडा घेऊन पायऱ्या उतरली. सासूबाईंनी माजघरातून बघितलं, म्हणाल्या, "उतरली व्हय?" आणि पुन्हा चुलीकडं वळल्या. हळूहळू गावातल्या बाकीच्या विधवाही उतरायला लागल्या. त्या गेल्या की नानांचं मशीन थांबायचं. ओट्यावरून ते बघत राहायचे. द्वारकाकाकूला म्हणायचे, "एक टाका घातला म्या. बग, किती जनी चालल्या." काकू म्हणायची, "टाका घातला तो घातला, आता मशीन हाना. पाटलाची बंडी ऱ्हायलीय."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याचं वर्णन मी करत नाही, ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायची गरज नाही. गावातल्या साऱ्या विहिरी उघड्या पडल्या. माणसं खडी फोडायला गेली. रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन पोरांची पोटं बिघडली. बारवेच्या तळाशी तेवढं पाणी होतं, आणि तेही रोज एकेक पायरी खाली चाललेलं. ज्यांच्याकडं बैल होते त्यांना बैल जगवायचे होते. कुणाचं तरी पाणी तोडल्याशिवाय ते पुरणार नव्हतं. आणि गावात कुणाचं तोडायचं हे आधीच ठरलेलं असतं, फक्त कारण शोधायचं असतं.

ते कारण आमच्या घरातून निघालं. श्रावण नाही, काही नाही, भर उन्हाळ्यातल्या दुपारी मामंजींनी देवळात पोथीचं लाल फडकं सोडलं. पुरुष जमले. बायका बारवेच्या वाटेवर हंडे घेऊन उभ्याच होत्या, त्याही दाराशी आल्या. गोदाही होती. मामंजींनी तीच ओवी काढली. आवाज खणखणीत. "हं, नाना."

नाना नेहमीच्या जागी बसले होते. म्हणाले, "ह्याचा अर्थ म्या मागंच..."

"गोल गोल नको," मामंजी म्हणाले. "लिवलंय काय, तेवढं सांग. झरा आटलाय का न्हाई?"

"आटलाय."

"मग?"

त्या वर्षी कपडे शिवायला कोण येतंय? नानांच्या चुलीवर जे दाणे शिजत होते ते आमच्या कणगीतले होते. हे मामंजींना माहीत होतं, नानांना माहीत होतं, आणि दाराशी उभ्या असलेल्या आम्हा बायकांनाही माहीत होतं. नानांनी टोपी काढली. टोपीतली एक सुई काढली, पुन्हा खोचली. आई काय म्हणते, हे ते बोललेच नाहीत. खाली बघत म्हणाले, "लिवलंय तेच."

"म्हंजे काय? मोठ्यांदा बोल."

"रांडमुंड बाईनं उतरू नये."

असला शब्द नानांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. दारातून गोदाचा आवाज आला, अगदी साधा, भाजीचा भाव विचारावा तसा. "नाना, मागल्या सालापातुर कुंकू म्हंजे लाज हुती की."

मामंजींनी पोथी बांधली. मी पदर दातात धरून उभी होते. आमच्या घरचा हंडा माझ्या कमरेवर होता, आणि त्या दिवशी तो भरला.

दुसऱ्या दिवसापासून गोदा काठावरच्या दगडापाशी. पाणी ओतायच्या पाळ्या लागल्या. आमच्या घरची पाळी असली की मी ओतायचे. गोदा माझ्याकडे बघायची नाही. हंडा पुढं करायची, भरला की उचलायची.

असंच एकदा मी ओतत होते तेव्हा नाना काठी टेकत तिथवर आले. थांबले. "गोदे," म्हणाले, "पोरी, मला माफ कर. पाऊस येऊ दे. पुन्हा तोच अर्थ सांगन. छातीवर हात ठिवून सांगन."

गोदा म्हणाली, "नका सांगू."

"रागावलीस. बरूबर हाय तुजं."

"रागाचं न्हाई, नाना. तुमचा अर्थ तुमच्या तोंडात हुता, पोथीत नव्हता. तुमी गप बसलात की गेला. ओवी मात्र हुती तिथंच हाय. उद्या तुमी मेल्यावर काय करू? तुमची टोपी घिऊन उतरू?"

दगडाच्या पलीकडे खालच्या आळीची भागूबाई हंडा घेऊन उकिडवी बसली होती. म्हातारी होती, तोंडाची फटकळ. म्हणाली, "गोदाबाई, तुमच्यासाटी निदान एक डाव तरी अर्थ लागला. आमच्याबी दोन वव्या हायेत त्या पोथीत. नाना, त्यांची शिवन उसवून बगितलीत का वो कंदी?"

त्या दोन ओव्या दर श्रावणात यायच्या. त्या आल्या की नाना म्हणायचे, "पुढं चला, पाटील, उशीर झाला." मी ते किती वेळा ऐकलं होतं! त्यात काही वावगं आहे असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

त्या दिवसापासून नाना बारवेचं पाणी भरायचे बंद झाले. नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून जो झिरा लागायचा तिथं जायचे, वाटीवाटीनं कळशी भरायचे. द्वारकाकाकू ओट्यावरून ओरडायची, "गुडघं ऱ्हायले न्हाईत अन् निघाले झिऱ्याला! कुनी सांगितलंय?" नाना म्हणायचे, "म्या सांगितलंय. गावाला सांगितलं हुतं, कुनी उतरायचं न्हाई ते. मग मी कसा उतरू?" काकूला कळलं नाही. मला कळलं, आणि घरी जाऊन मी उगाच सगळी भांडी पुन्हा घासायला काढली.

एकदा ते मामंजींकडेही आले. ओसरीवर बसले नाहीत, उभ्या उभ्याच म्हणाले, "पाटील, पोथीची पानं झिजलीत. नवी नक्कल करायला झालीय. करताना त्या तीन वव्या सोडून देऊ."

मामंजी हसलेच. "पोथी म्हंजे काय तुज्या मशीनवरचं पोलकं हाय? जलमभर सांगितलंस, अक्षराला कात्री लावायची न्हाई."

"चुकलं माजं."

"तुजं चुकलं म्हनून आईची पोथी कापायची? ती कुनी लिवली, तुला ठावं हाय?"

"मानसानं लिवली," नाना म्हणाले. "आईला लिवता येत असतं तर तिनं ह्ये लिवलं नसतं."

मामंजी उठून आत गेले. आमच्या घरात नानांना पाणीसुद्धा विचारलं नाही त्या दिवशी.

पुढल्या वर्षी पाऊस झाला. भरभरून झाला, बारव काठाला लागली. आणि माणसं बघा कशी असतात! पाणी आल्याबरोबर सगळ्यांची मनं मोठी झाली. श्रावण आला. मामंजी स्वतः नानांच्या ओट्यावर गेले, सुपारी दिली, म्हणाले, "झालं गेलं सोड. औंदा तुजा तो लाजंचा अर्थ सांग. लोकान्ला ग्वाड लागतो. गोदालाबी उतरू दे. आपल्याला काय करायचंय?"

देवळात गर्दी झाली. ती ओवी आली. मामंजींनी वाचली, "हं, नाना." सगळे नानांकडे बघायला लागले. चांगलं काहीतरी ऐकून हलकं व्हायचं, आणि प्रसादाची खिरापत खाऊन घरी जायचं, अशी सगळ्यांची तयारी झाली होती. माझीसुद्धा. खोटं कशाला बोलू?

नाना गप्प.

"हं, नाना."

नाना म्हणाले, "म्या अर्थ लावत गेलो म्हनून ह्या वव्या गावाला पचल्या. न्हाईतर कवाच घशात अडकल्या असत्या. आता अडकू द्या. जवर हितं लिवलंय तवर त्येचा अर्थ त्योच. ऐकायचं तर तसंच ऐका. न्हाईतर काढून टाका." एवढं बोलून त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि समईकडे बघत बसले.

मामंजींना खोकला आला. पुढची ओवी त्यांनी वाचली, पण पाखरं उडाली नाहीत. पोथीतून ओवी निघाली नाही, हेही सांगून टाकते. अजून आहे, असं ऐकते. नाना त्यानंतर दर श्रावणात तिथं बसायचे, बाकी सगळ्याचा अर्थ सांगायचे. त्या तीन ओव्या आल्या की गप्प. भागूबाईच्या दोन ओव्यांनासुद्धा 'पुढं चला' म्हणायचे नाहीत. सगळ्यांना शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकायला लावायचे. लोक वैतागायचे. त्या संध्याकाळी गर्दी कमी व्हायला लागली.

गोदा मात्र कुणाच्या अर्थासाठी थांबली नाही. समाप्तीच्या दुसऱ्या दिवशी तिनं हंडा उचलला, आणि भागूबाईचा दंड धरून तिला सरळ खाली घेऊन गेली. गावात बोंब झाली. चार टाळकी आमच्या ओसरीवर आली. मामंजी म्हणाले, "कायदा हाय. फौजदार आला तर कोन जानार? गप बसा." म्हणजे आईनं जे केलं नाही आणि आम्ही जे केलं नाही, ते फौजदाराच्या भीतीनं झालं. ह्याचीही मला लाजच वाटते.

मग ह्यांना नगरला नोकरी लागली. आम्ही निघालो त्या सकाळी एसटी बारवेसमोरच उभी होती. मी खिडकीशी बसले होते. बघते तर काठावरच्या दगडापाशी नाना उभे, हातात रिकामी कळशी. नदीला पूर होता, झिरा बुडाला होता. पण ते बारवेत उतरत नव्हते. खालून कुणी येईल आणि ओतेल, म्हणून उभे होते. शेजारी कुणी नाही. तो दगड आता त्यांच्या एकट्याचाच उरला होता.

गोदा भरला हंडा घेऊन वर आली. नानांनी कळशी पुढं केली.

गोदा थांबली. डोक्यावरचा हंडा तिनं खाली घेतला नाही. "नाना," ती म्हणाली, "मी कुनाच्या हंड्यात पानी ओतनार न्हाई. लई ओतून घेतलंय म्या. पायऱ्या हायेत. उतरा."

"माजा हक न्हाई, पोरी."

"मला नका सांगू हक. मी न्हाई अर्थ सांगत. उतरा न्हाईतर ऱ्हावा तानलेले."

आणि गेली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. मला वाटलं, आपण खाली उतरावं, त्यांची कळशी भरून द्यावी. ह्यांनी माझ्या मांडीवर गाठोडं ठेवलं होतं. कंडक्टरनं घंटी मारली.

नानांनी चपला काढल्या, दगडाच्या कडेला जोडीनं ठेवल्या. गुडघे वाकत नव्हते, म्हणून ते पहिल्या पायरीवर बसले. मग लहान मूल उतरतं तसे बसून बसून, एकेक पायरी खाली सरकायला लागले. कळशी शेजारी ठेवायची, आपण खाली सरकायचं, मग कळशी खाली घ्यायची. दर पायरीला पितळ दगडावर वाजत होतं. त्यांची टोपी काठाच्या खाली गेली, दिसेनाशी झाली. एसटी वळेपर्यंत मला ते वाजणं ऐकू येत होतं.